फेट्याच्या बॅनरवर ‘वुई डॉन यू’ असं लिहिलं तर चालतंय काय?

फेटेवाला_शहापूर

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, म्हणजे शहापूरचा. फेटे बांधायचं काम करतो. लग्न, वास्तुशांत, कुणाचा निरोप समारंभ, आणि वैशाखातली शिवजयंती. चित्ररथांच्या मिरवणुकीदिवशी दुपारी तीनला हात सुरू झाला की रात्री अकरापर्यंत मान वर करायला होत नाही. पीळ घालून घालून उजव्या अंगठ्याची कातडी निघते. हे सांगायचं कारण एवढंच, की प्रश्न इंग्लिशचा आहे आणि विचारणारा इंग्लिशचा माणूस नाही. दहावीला इंग्लिशात पस्तीस पडले, तेही बाईंनी ढकलले म्हणून.

गोष्ट अशी. नवीन फ्लेक्स करायचा आहे. आमच्याकडं फ्लेक्स म्हटला की तीन भाषा. वर कन्नड मोठ्या अक्षरात, साठ टक्के पाहिजे असा कायदाच आहे. मधे इंग्लिश, खाली उरलेल्या जागेत मराठी. मराठीचा प्रश्नच नाही: ‘येथे फेटे बांधून मिळतील’. कन्नड छापणाऱ्यानंच करून दिलं: ‘फेटा कट्टिकोडलागुवुदु’. राहिलं इंग्लिश. ते आमच्या पोरीनं लिहिलं, बारावीला आहे: ‘वुई डॉन यू इन रॉयल फेटा’.

मी दुकानात वाचून दाखवलो तर शेजारचा म्हणतो, “काय गा, आता डॉन झालास काय? हप्ता कधीपासून?” पोरगी चिडली. म्हणाली, हा डॉन वेगळा, हे क्रियापद आहे, अर्थ अंगावर चढवणे, पेपरात रोज येतं. आणि मोबाईलवर दाखवली पण. अमका पुढारी ‘डॉन्स फेटा’, तमका खेळाडू ‘डॉन्स जर्सी’.

शब्द खरा आहे हे पटलं. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. गेल्या वर्षी एका पाहुण्या पुढाऱ्याला स्टेजमागं फेटा मीच बांधलो होतो. माणूस एका जागी बसत नव्हता, फोनवर बोलत मान इकडं-तिकडं, चार वेळा म्हणालो, साहेब, सरळ बसा. दुसऱ्या दिवशी फोटोखाली हेच ‘डॉन्स’. म्हणजे डॉन केला तो साहेबानं. मग मी काय केलो? बांधणाऱ्याला डॉन म्हणायचं, का बांधून घेणाऱ्याला? दोघांनाही असेल तर पोरीचं वाक्य बरोबर. नसेल तर चूक. फ्लेक्स उद्या सकाळी छापायला द्यायचा आहे, साडेआठशे रुपये घालून चुकीचं इंग्लिश टांगायचं नाही. कुणी सांगा की.

निवृत्त_बाई_खानापूर

दादा, तुम्हाला खटकलं ते बरोबर खटकलं. मी खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी शिकवण्यात एकतीस वर्षं घालवली. ढकलून पस्तीस देणाऱ्या बाई मीच असायची शक्यता आहे.

हे ‘डॉन’ म्हणजे एकाला एक चिकटलेले दोन शब्द. ‘डू’ आणि ‘ऑन’. टोपी ‘डू ऑन’ कर, म्हणजे अंगावर कर. बोलता बोलता त्याचं ‘डॉन’ झालं, चौदाव्या शतकात. तसंच ‘डू ऑफ’ चं ‘डॉफ’ झालं, म्हणजे उतरवणे. दोघं जुळे भाऊ. तुमच्या शेजाऱ्याचा डॉन लॅटिनमधून, ‘डॉमिनस’ म्हणजे धनी या शब्दातून, स्पेन-इटलीच्या वाटेनं आला. त्याचा याच्याशी नात्याचा संबंध नाही. दिसायला सारखे, एवढंच.

गंमत म्हणजे हे दोघं भाऊ मधे मरायला टेकले होते. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘डॉफ’ बद्दल लिहिलंय की शब्द जुनाट झाला, आता खेडवळ लोकांशिवाय कोणी वापरत नाही. पुढं वॉल्टर स्कॉटनं आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत अंगरखे-शिरस्त्राणांच्या वर्णनात हे शब्द उचलले आणि दोघं वाचले. त्यामुळं त्यांना आजही तो दरबारी वास आहे. बोलताना कुणी म्हणत नाही, थांब, मी चप्पल डॉन करतो. ते ‘पुट ऑन’. ‘डॉन’ मथळ्यात, कारण तीन अक्षरांत काम होतं आणि रुबाब येतो.

आता तुमचा मुद्दा. हे वाक्य मराठीत ‘परिधान’ घालून म्हणून बघा. ‘पुढाऱ्यांनी फेटा परिधान केला.’ चालतं. बांधला कुणी का असेना, डोक्यावर ज्याच्या तो परिधान करणारा. आता म्हणा, ‘आम्ही तुम्हाला फेटा परिधान करतो.’ हसू येतं की नाही? ‘डॉन’ चं तस्संच आहे. कर्म म्हणून वस्त्र येतं, माणूस येत नाही. ‘ही डॉन्ड अ फेटा’ बरोबर. ‘वुई डॉन यू’ म्हणजे आम्ही तुम्हालाच उचलून डोक्यावर घालतो.

मुलीला रागवू नका. शब्द तिनं चांगला उचललाय, फक्त ज्याच्या डोक्यावर ठेवायचा ते डोकं चुकलं.

फेटेवाला_शहापूर

बाई, परिधानाचं उदाहरण दिला ते एका फटक्यात कळलं. पोरीला वाचून दाखवलो, ती पण हसली. “पप्पा, गिऱ्हाईक डोक्यावर घेऊन फिराल.” तसे काही गिऱ्हाईक घेऊनच फिरतोय.

पण बघा, आता मला दुसराच किडा चावला. आपल्याकडं नुसतं ‘घालणे’ म्हणून भागत नाही. नवरदेवाचंच घ्या. शेरवानी घालायची, उपरणं खांद्यावर टाकायचं, मुंडावळ्या बांधायच्या, फेटा बांधायचा, त्याला तुरा काढायचा, शेमला सोडायचा. नवरीकडं जावा, साडी नेसायची, बांगड्या भरायच्या, गजरा माळायचा, कुंकू लावायचं, शेला पांघरायचा. आमची मिसेस नवरी मुलींना साडी नेसवायला जाते, रात्री घरी येऊन सांगते, “आज तीन नवऱ्यांना नेसवलो, पाय मोडले.” (पुण्याच्या लोकांनी ‘नेसवलो’ ला हसू नये. आमच्याकडं बायका असंच बोलतात, आणि पुरुषपण ‘बांधला’ म्हणत नाहीत, ‘बांधलो’ म्हणतात.)

साडी घातली म्हटलं की आमची आज्जी विचारायची, कुठं घातलीस, पेटीत? तर या प्रत्येकाला इंग्लिशात वेगळा शब्द आहे काय?

निवृत्त_बाई_खानापूर

नाही हो. तिथं एकटा ‘वेअर’ सगळ्याला पुरतो. साडी वेअर, बांगडी वेअर, गजरा वेअर, चष्मा वेअर. अत्तरसुद्धा वेअर करतात. दाढी राखली तर ती पण वेअर. आपण वस्तूप्रमाणं क्रियापद बदलतो, ते बदलत नाहीत. ते भलतंच बघतात: अंगावर आहे, का अंगावर चढतंय? आहे तर ‘वेअर’, चढतंय तर ‘पुट ऑन’.

इथं मी स्वतः पडले आहे, सांगते. नोकरीचं पहिलं वर्ष, पंधरा ऑगस्ट, झेंड्याला उशीर झाला. हेडमास्तर गोव्याकडचे, सगळं इंग्रजीतून. शेजाऱ्यांच्या फोनवर त्यांचा फोन आला. मी सांगितलं, ‘सर, आय अ‍ॅम वेअरिंग अ सारी.’ मला म्हणायचं होतं, नेसतेय, आलेच. त्यांना ऐकू आलं, मी साडीत आहे. ते शांतपणे म्हणाले, ‘सो अ‍ॅम आय एक्स्पेक्टेड टु वेअर वन?’ म्हणजे, मग मीही नेसायची का? मला तो टोमणा दोन वर्षांनी कळला, शिकवता शिकवता. ‘नेसली आहे’ आणि ‘नेसते आहे’ यात आपण कधी घोळ घालत नाही, पण इंग्रजीत गेलो की दोन्हीला ‘वेअरिंग’ लावून मोकळे. वर्गात दरवर्षी निम्मी पोरं लावायची.

दोन_डगरीवर_चिकोडी

मी चिकोडीचा, घरी आई कन्नड, बाबा मराठी. भांडण कन्नडमधून, हिशेब मराठीतून.

बाई, वस्तूप्रमाणं शब्द बदलायची खोड मराठीची एकटीची नाही. आमच्या आईच्या तोंडात: सीरे म्हणजे साडी असेल तर ‘उडु’, अंगि म्हणजे सदरा किंवा दागिना असेल तर ‘तोडु’, फूल असेल तर ‘मुडि’, शाल असेल तर ‘होदे’, रुमाल म्हणजे पटका असेल तर ‘सुत्तु’. म्हणून तर कपड्यालत्त्याला कन्नडमध्ये जोडशब्द आहे ‘उडुगे-तोडुगे’. नेसायचं ते उडुगे, अंगात घालायचं ते तोडुगे. दोन्ही घरांत सून आली की पहिले सहा महिने या शब्दांवरून हसून घेतात.

आणि फेटेवाले दादा, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तुमच्याच बॅनरच्या पहिल्या ओळीत आहे. कन्नड पेपरात सत्काराची बातमी वाचा. ‘पेटा तोडिसि, शालु होदिसि’ सन्मान केला. ‘तोडु’ म्हणजे स्वतः घाल, ‘तोडिसु’ म्हणजे दुसऱ्याला घाल. ‘उडु’ चं ‘उडिसु’, ‘होदे’ चं ‘होदिसु’. वहिनींचं नेसणे-नेसवणे तसंच. इंग्लिशच्या ‘डॉन’ ला हा ‘इसु’ लागत नाही. ‘डॉनिसु’ म्हणता आलं असतं तर तुमची मुलगी बरोबर होती.

तुमच्या बोर्डावर ‘कट्टिकोडलागुवुदु’ आहे ते नेमकं आहे. कट्टि-कोडु, बांधून दे. ‘कट्टिको’ म्हणजे तुझं तू बांध. एका ‘डु’ चा फरक.

फेटेवाला_शहापूर

अरे देवा. भाऊ, तू आत्ता माझी सात वर्षांची जखम उघडलीस.

गोकाककडचं लग्न होतं, सगळे कन्नड. मी कामापुरतं कन्नड बोलतो. वऱ्हाडी हॉलमध्ये पसरलेले, मुहूर्त जवळ आला, मी माईकवरून ओरडलो, “एल्लरू बर्री, फेटा कट्टिकोळ्री!” माझ्या मनात ‘या सगळे, फेटा बांधून घ्या’. कुणी येईना. परत ओरडलो. मग नवरीचे मामा तणतणत आले. म्हणाले, पैसे मोजून तुम्हाला आणलंय ते काय आमचे फेटे आम्हीच बांधायला? मला कळेना काय चुकलं. शेवटी बेंजोवाल्यानं समजावलं, तू ‘तुमचे तुम्ही बांधा’ म्हणालास. मी कपाळाला हात लावलो. तरी तोवर दहा-बारा जणांनी माझ्याच पेटीतले फेटे घेऊन आपापले गुंडाळलेपण होते. सहा मीटर कापड, बांधायची माहिती नाही. डोक्यावर मडकं ठेवल्यासारखे दिसत होते. ते सगळे सोडून परत बांधलो.

मग त्यावेळी काय म्हणायला पाहिजे होतं?

दोन_डगरीवर_चिकोडी

“कट्टिसिकोळ्री.” मधे ‘इसि’ पाहिजे. दुसऱ्याकडून आपल्याला बांधून घ्या. एका ‘सि’ पायी मामा चिडले.

स्टाफनर्स_कॅम्प

वाचतेय मजेनं. ‘डॉन’ म्हटल्यावर मला फेटा नाही, २०२० आठवलं. आमच्या कोविड वॉर्डाच्या तोंडाशी दोन खोल्या, एकावर पाटी ‘डॉनिंग’, दुसऱ्यावर ‘डॉफिंग’. आमच्या मावशी वाचून म्हणायच्या, एका खोलीत डॉन आणि एका खोलीत डॉफ, मग पोलीस कुठं बसतात?

बाईंचा मुद्दा आम्ही अंगावर अनुभवला. पीपीई किट एकटीला चढवता येत नाही, गाऊनचे बंद पाठीमागं, जोडीदारीण बांधायची, फटी तपासायची. तरी डॉनिंग केलं म्हणायचं ते मी, तिनं नाही. ती फक्त बघणारी आणि बांधणारी. तुमच्यासारखीच, दादा, फोटोत नसलेली.

आणि लोकांना वाटतं चढवताना जपायचं. खरी भीती उतरवताना. बाहेरची बाजू घाण झालेली, हात चुकला की संपलं. हातमोजे, गाऊन उलटा गुंडाळत, आणि मास्क सगळ्यात शेवटी, बाहेर आल्यावर. प्रत्येक टप्प्याला हात साफ. ‘डॉफ’ हा शब्द मी शाळेत कधी शिकले नव्हते, तिथं रोज सहा तास घामात भिजून त्याची वाट बघितली.

फेटेवाला_शहापूर

सिस्टर, तुम्हाला हात जोडतो. त्या वर्षी माझा धंदा शून्य, तुमचा चोवीस तास.

डॉफ वरून एक. बाईंनी उतरवणे सांगितलं, तर पोरगी म्हणते, पप्पा, इंग्लिशात ‘हॅट डॉफ करणे’ म्हणजे मान देणे. ती म्हणाली, तुमच्या बोर्डावर खाली लिहूया, ‘वुई डॉफ अवर फेटा टु यू’. मी म्हणालो, गप बस. आपल्याकडं मान द्यायला फेटा डोक्यावर ठेवतात, काढत नाहीत. देवळात, पंगतीत, पाहुण्यासमोर, डोकं झाकलेलं पाहिजे. फेटा उतरवून कुणाच्या पायावर ठेवला म्हणजे माणूस पार हरला, लेकीच्या सासरच्यांपुढं नाहीतर सावकारापुढं. माझ्या आज्जानं एकदा ठेवला होता, जमिनीपायी. ते घरात कुणी बोलत नाही. तर आमचा फेटा ‘डॉफ’ होणार नाही, बोर्डावर तर नाहीच.

गिरणीचा_पोरगा

हे ‘डॉफ’ आमच्या घरी जेवणाच्या ताटावर असायचं! आमचे बाबा गोकाक फॉल्सच्या सूतगिरणीत. सूत भरलेल्या बॉबिनी चात्यांवरून उतरवून रिकाम्या लावायच्या, त्या कामाला डॉफिंग आणि ते करणाऱ्याला डॉफर. बाबांची सुरुवात डॉफर म्हणूनच. आम्हाला वाटायचं हा कन्नड शब्द आहे.

अस्सल_पुणेकर

एवढा खल कशासाठी? सरळ ‘आमचे येथे फेटा परिधान करविला जाईल’ असे शुद्ध मराठीत लिहावे. इंग्रजीची गरजच काय? शिवाय ‘बांधलो’, ‘नेसवलो’ ही रूपे अशुद्ध आहेत.

फेटेवाला_शहापूर

काका, ‘करविला जाईल’ वाचून गिऱ्हाईक दवाखाना समजून पुढं जाईल. इंग्लिश गोव्याच्या आणि हुबळीच्या पार्ट्यांसाठी पाहिजे, अर्धा सीझन त्यांच्यावर निघतो. अशुद्ध म्हणालात ते राहू द्या, आम्ही इथं मराठी बोलतो हेच काही कमी नाही.

माजी_सैनिक_बेळगाव

उशिरा आलो. मराठा लाईट इन्फंट्रीचा माणूस, सेंटर इथलंच. कुणी ‘ड्रेस’ बद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. ‘वुई ड्रेस यू’ का नाही लिहीत? त्यात तर माणूस कर्म होतो. आणि एक जुनी शंका. परेडवर ओळ सरळ करायला हुकूम असतो ‘दाहिने सज’. इंग्रजी हुकूम ‘राईट ड्रेस’. रिक्रूट असताना पहिल्या दिवशी मी खरंच कॉलर सारखी करायला लागलो होतो, सजायचं म्हणून. उस्तादनं मैदानाला दोन चकरा मारायला लावल्या. ओळीचा आणि सजण्याचा संबंध काय?

निवृत्त_बाई_खानापूर

साहेब, तुम्ही फार सुंदर ठिकाणी बोट ठेवलंत. ‘ड्रेस’ चा पहिला अर्थ कपडा नाहीच. लॅटिन ‘डायरेक्टस’, म्हणजे सरळ, तिथून फ्रेंचमार्गे ‘ड्रेस’, म्हणजे सरळ करणे, नीट लावणे. कपडे नीट करणे हा पुढचा अर्थ. त्यामुळं परेडवरचा ‘ड्रेस’ हाच खानदानी, आपल्या अंगावरचा नंतरचा. हुकुमाचं हिंदी मात्र ‘सज’ झालं, तुम्ही कपड्याचा अर्थ धरलात नि दोन चकरा मारल्यात. जखमेचं ड्रेसिंग, दगड घडवणं, कोंबडी साफ करणं, सगळ्याला ‘ड्रेस’ त्याच नीट करण्यातून.

पण ‘वुई ड्रेस यू’ बोर्डावर नको. व्याकरणानं चोख आहे, माणूस कर्म होतो हेही खरं, पण त्याचा अर्थ डोक्यापासून पायापर्यंत होतो. दादा फेटा बांधतात, धोतर नेसवत नाहीत.

इंग्रजीत एकेकाळी दुसऱ्याला वस्त्र चढवायचा एक खास शब्द होता, ‘इन्व्हेस्ट’. लॅटिन ‘वेस्टिस’ म्हणजे वस्त्र, त्यात माणसाला घालणे. राजानं मानाचा झगा चढवणे, अधिकार देणे. ‘इन्व्हेस्टिचर’ समारंभ अजून होतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्वेकडच्या व्यापारात पैशाला मालाचं रूप चढवणे या अर्थी तो पैशाला लागला, आणि आज ‘वुई इन्व्हेस्ट यू’ लिहिलं तर दादांच्या दुकानात लोक भिशीचे पैसे घेऊन येतील.

तर माझं म्हणणं, चिकोडीच्या मुलाचं ‘कट्टिसिको’ घ्या. इंग्रजीत ते रूप आहे: ‘गेट’ अमुक ‘टाईड’. ‘गेट युवर फेटा टाईड हिअर.’ तुमचा फेटा इथं बांधून घ्या. ‘येथे फेटे बांधून मिळतील’ ला याहून जवळचं मला सुचत नाही. ‘रॉयल’ हवं असेल तर फोटो लावा, शब्द नको.

फेटेवाला_शहापूर

ठरलं, बाई. पोरीनं मान्य केलं. ‘रॉयल’ वर ती अडून होती, शेवटी कोशाच्या, म्हणजे रेशमी, फेट्याचा फोटो घालून मिटवलं. छापणाऱ्याला फोनवर अक्षरं सांगितलो. उद्या फोटो टाकतो. सगळ्यांना कुंदा माझ्याकडून, बेळगावला आलात की.

फेटेवाला_शहापूर

फ्लेक्स लागला. कन्नड ओळ बरोबर, मराठी ओळ बरोबर.

इंग्लिश ओळीत ‘टाईड’ फोनवर ऐकून छापणाऱ्यानं टी-आय-ई-डी ऐवजी टी-आय-डी-ई केलं. पोरगी म्हणते याचा अर्थ समुद्राची भरती. मला तर ती धुण्याची पावडर वाटली, आणि मी एकटा नाही. सकाळी गाडीवरून एक माणूस थांबला, बोर्ड दोनदा वाचला आणि विचारला, “मामा, नुसते फेटेच काय, साड्या पण धुवून देता?”

मिसेस आतून म्हणाली, “धुवायला नाही, नेसवायला येतो म्हणून सांगा.”